गस्तीचा नारळ

मिरकरवाड्याच्या थांब्यावर दोन मासळीवाल्यांच्या मागे मत्स्यखात्यातली नवी अधिकारी नम्रता उभी होती. बंदी असताना दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटी तिच्या गस्तीला एकदाही सापडल्या नव्हत्या.

"सोनूमावशी, उद्या गस्त हाय."

"तुला गो कुणी सांगितलान?"

"गस्तीच्या तांडेलाने नारळ घेतलान. दर्याला दिल्याशिवाय तो बोट हाकतो काय?"

"म्हणजे उद्या चोरांचे दिवे बंद."

"नि परवा परत चालू. आपल्या टोपल्या रिकाम्याच."

नम्रताने हळूच फोन लावला.

"तांडेलकाका, नारळ घेतलात ना?"

"घेतला, मॅडम."

"छान. उद्या त्याच्या वड्या करा. आपण परवा निघू. दर्याचा नारळ मी घरून आणते."

बस आली. सोनूमावशी मागे वळली.

"चढ गो बाय, आधी तू. आम्ही काय पण ऐकलं नाय."