सहा नऊ आणि गॅसवरचं दूध

...आणि मी म्हणते, कुलपाचा आकडा सरळ आकड्यासारखा लक्षात ठेवायला काय होतं माणसाला? तुम्हाला सांगते, दूध गॅसवर, घरात चिटपाखरू नाही, आणि मी खाली, बंद दाराबाहेर. का गेले खाली? अहो, नव्या भाडेकरूंचं सामान उतरत होतं. कपाटं किती येतात एवढं बघायला दोन मिनिटं जायला नको? शेजारधर्म असतो काही.

आमच्या मुख्य दाराला बटणांचं कुलूप, सहा आकडे दाबायचे. मी दाबले, तर लाल दिवा. नेमका त्याच सकाळी आकडा बदललेला. बदलला कोणी? वरच्या मजल्यावरच्या सरांनी, आयुष्यभर गणित शिकवलेल्या. तशी नोटीसही लावलेली... दाराच्या आतल्या बाजूला.

तेवढ्यात सर फिरून आले. म्हटलं, "सर, आकडा सांगा, दूध गॅसवर आहे."

"आकडे पाठ करणं कारकुनाचं काम, वहिनी. मी गुण लक्षात ठेवतो. काय गुणी संख्या आहे म्हणून सांगू! दुप्पट करा, तिप्पट करा, पार सहापट करा, आकडे तेच, ओळही तीच, फक्त सुरुवात सरकते."

गुणी असेल हो, पण मला काय तिच्याशी सोयरीक जमवायचीय? दूध गॅसवर आहे.

सरांनी ऐटीत सहा बटणं दाबली. लाल. "अरेच्चा, ही तिची कुठली तरी पट दिसते... पण कितवी?" आता तीन चुका झाल्या की ते कुलूप अर्धा तास मुकं होतं. एक माझी, एक सरांची. उरली एकच संधी. त्यात कपाट टेकवून उभे असलेले सुतारदादा म्हणतात, "ताई, काहीतरी करपल्याचा वास येतोय का हो?"

सर मात्र आपल्याच तंद्रीत. "आणि गंमत म्हणजे, सातने गुणलं की सहाच्या सहा नऊ!"

"मग त्या नवांना सातने भागा की."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "हो... तसंही करता येईल."

घेतली सुतारदादांच्या कानावरची पेन्सिल आणि कपाटाच्या पाठीवर मांडला भागाकार. सात एके सात, उरले दोन. सात चोक अठ्ठावीस, उरला एक. शाळेत ज्या भागाकाराने रडवलं, तोच दूध गॅसवर असताना सरसर सुटला. एक चार दोन आठ पाच सात, बाकी शून्य. दाबलं. हिरवा दिवा. धावत वर.

पातेल्याचं विचारू नका.

सर इतके खूश की आता दर महिन्याला आकडा बदलतात. आधी दुप्पट, मग तिप्पट. "वहिनींना येतंय की," असं सगळ्यांना सांगतात, आणि आकडा विचारायला अख्खी बिल्डिंग माझी बेल वाजवते, नेमकी दूध गॅसवर असताना. सध्या चौपट चालू आहे. सातपटीला सहा नऊ येतील, तेव्हा बघू. तोवर आमच्याकडे चहा बिनदुधाचाच.