वळसा

शंकरप्पा : घाल, परत वळसा घाल! ह्या पुठ्ठ्यावर मागच्या डावात बी घातलास आन रणगाडे माळावर गंजत बसले.

वीरभद्र : दाजी, शहरात शिरलं की फौज अडकती. शहर द्यायचं सोडून आन थेट राजधानी गाठायची. कापडाच्या दुकानात बसून ही चाल तुम्हाला कळायची न्हाई.

शंकरप्पा : बरं बाबा, सेनापती. मग ही बघ, तू सोडलेल्या शहरातली माझी पलटण. एक घर पुढं सरकली आन तुझ्याच रस्त्यावर बसली. आता तुझं डिझेल कुठून येतं? आभाळातून?

वीरभद्र : एवढ्याशा पलटणीला कोण भितं?

शंकरप्पा : भिऊ नको की, नियम वाच. मागचा रस्ता तुटला की रसद बंद. रसद बंद झाल्यावर रणगाडा म्हंजे नुसती लोखंडी खाट.

रत्नम्मा : (दोघांमध्ये चहाचा एकच कप ठेवत) एकाच कपात प्या. दुसरा विसळायला पाणी न्हाई. उद्या लेकीचं लग्न, दारात मांडव पडलाय, हौद कोरडा, आन लेकीचा बाप पुठ्ठ्यावर लढाई करून राहिलाय!

वीरभद्र : टँकर निघालाय की देवणीकडून.

शंकरप्पा : म्हंजे वाडीवरनंच येणार. आन वाडीत कोण ऱ्हातं? तुझा सख्खा थोरला भाऊ. मलप्पाला लग्नाची अक्षत दिलीस का?

वीरभद्र : त्याचं नाव काढू नका. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून आम्ही उपाशी बसलो, आन ह्यानं वाडीत सह्या गोळा केल्या, आम्हाला लातूरच बरं म्हणून. माझा भाऊ! सारा बाजार मला हसला.

रत्नम्मा : सोयऱ्याच्या सोयऱ्याला अक्षत दिली ह्यांनी. वाडीची वेस आली तशी मी म्हणलं, थांबा. तर ड्रायवरला म्हणे, बाहेरून वळसा घाल. लाजंनं मान खाली गेली माझी.

शंकरप्पा : वा रे पठ्ठ्या! देवाच्या मागोमाग थोरल्या भावाच्या घरची अक्षत असती. तू त्यालाच शत्रूचं शहर केलंस. जिल्ह्याचा अजून पत्ता न्हाई, आन ह्यानं भावाच्या दारात सरहद्द आखली.

वीरभद्र : थांबा, टँकरवाल्याचा फोन. हां, व्यंकटी, बोल. काय? वाडीत अडवला? ऐका, बाया घागरी घेऊन आडव्या झाल्या म्हणे! हे अण्णाचंच काम.

शंकरप्पा : आली बघ पलटण रस्त्यावर.

वीरभद्र : व्यंकटी, माघारी फिर. माळावरनं काढ, बाहेरून वळसा...

रत्नम्मा : भरला टँकर माळावरनं? नाल्यात जाईल तो! लेकीला बिनअंघोळीची बोहल्यावर उभी करू का? द्या तो फोन, आन आवाज मोठा करा. व्यंकटी, सांग बाबा.

व्यंकटी : काकी, मी तेच सांगून राहिलतो, मालक ऐकतच न्हाईत. अडवला व्हता, आता सुटला. मलप्पाअण्णांनी बायांना आपली बोअर मोकळी करून दिली. म्हणले, माझ्या पोरीचं लग्न हाय, जाऊ द्या. पुढं कुणी अडवू नये म्हणून माझ्या शेजारीच बसलेत.

शंकरप्पा : घे आता. शत्रूच्या शहरानंच तुझी रसद सोडवली की, सेनापती.

मलप्पा : रत्नम्मा, मी बोलतो. मला अक्षत न्हाई, ठाऊक हाय. मांडवात येत न्हाई मी. टँकर मागच्या बोळात लावतो, हौद भरला की जातो. भद्र्याच्या नजरंला पडत न्हाई.

रत्नम्मा : धरा फोन. मी अक्षत-कुंकवाचं ताट आणते.

वीरभद्र : अण्णा...

मलप्पा : बोल.

वीरभद्र : बोळातनं वळसा घालू नको. पुढच्या दारानं ये.