बिनआवाजाची बस

बिनआवाजाच्या गाड्यांचं कौतुक मला सांगू नका, गड्यांनो. दोन हजार सालानंतरची गोष्ट हाय. आमच्या वस्तीमागनं कारखान्याची जुनी मालगाडीची लाईन जायची. ती बंद पडली, रूळ काढले, आणि तिथं फक्त बॅटरीच्या बससाठी रस्ता केला. पहिल्या चाचणीला सगळी वस्ती जमली. नारळ फुटला, पेढे वाटले.

बसच्या दारात उभं राहून बस कंपनीचे साहेब म्हणाले, "धूर नाही, आवाज नाही. मागं येऊन उभी राहिली तरी कळणार नाही!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. माझी सुशीला आत्या तेवढी हात बांधून उभी. साहेबांनी हसत विचारलं, "काय मावशी, आवडली नाही का बस?"

"बस चांगली हाय की," आत्या म्हणाली. "पर साहेब, माझा मालक ह्याच लायनीवर कामाला हुता. इंजनाला त्यो कधी भ्याला न्हाय, लांबनंच ऐकू यायचं. एक दिवस सुटा डबा उतारानं घरंगळत आला. इंजन न्हाय, शिट्टी न्हाय. पार मागं आला तरी कळलं न्हाय त्येला."

साहेबांचा पेढा हातातच राहिला.

ड्रायव्हर आमच्याच भागातला. त्यानं कुणाला विचारलं न्हाय. बस सुरू केली, हॉर्नवर हात ठेवला, आणि आख्खी वस्ती मागं पडेपर्यंत उचलला न्हाय.