उशिरा मारायची उडी

...नाही, पण मला सांगा, गोलकीपरला ‘गोल खा’ असं कोणी सांगतं का हो? आचाऱ्याला कुणी म्हणतं का, भाजी जरा करपव? पण आमचे कोच म्हणतात! देशाची टीम, जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा तोंडावर, आणि मला कोपऱ्यात घेऊन, खांद्यावर हात टाकून म्हणतात, ‘हे बघ, पोरांचा आत्मविश्वास वाढायला हवा. पेनल्टीच्या सरावाला तू उभा राहा, आणि उडी जरा... उशिरा मार. बोलू नकोस हां कुठे, घरीसुद्धा नाही. पोरांना कळलं तर मुसळ केरात!’

तुम्हाला सांगतो, टीममध्ये तीन गोलकीपर असतात. पहिला खेळतो. दुसरा पहिल्याचा पाय मुरगळायची वाट बघतो. आणि तिसरा दोघांचेही पाय मुरगळायची वाट बघतो. तिसरा म्हणजे मी.

बरं, कॅम्पात खोल्या दोघादोघांच्या, आणि टीमची संख्या विषम! उरला कोण? तिसरा म्हणजे मी. सगळे म्हणतात, ‘मजा आहे बुवा, स्वतंत्र खोली!’ कसली मजा? दोन पलंग, एकावर मी, दुसऱ्यावर माझे हातमोजे वाळत पडलेले. पलीकडे पत्त्यांचा आरडाओरडा, आणि आपण भिंतीला कान लावून अंदाज बांधायचा, कोण हरलं... एकटं वाटतं हो. खरंच वाटतं.

आणि निघायच्या आधी एक दिवस सराव लोकांना बघायला खुला. नेमके बाबा आले! गल्लीत दुकानाच्या शटरसमोर उभं करून मला गोलकीपर केलं ते याच बाबांनी. इस्त्रीचा शर्ट, पहिल्या रांगेत, शेजारच्याला सांगतायत, ‘तो पिवळ्या जर्सीतला ना, आमचा!’ आणि संध्याकाळी अंतिम यादी लागणार. झालं! इकडे आड, तिकडे विहीर. गोल अडवावा तर कोच नाव कापणार, सोडावा तर बाबांचं नाक कापलं जाणार.

आमचा स्ट्रायकर, त्याला सगळे तोफ म्हणतात, बॉल ठेवतो. डावीकडे मारणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं! आणि मी... उशिरा. गोल! परत उशिरा. परत गोल! लोक हसायला लागले, ‘अहो, याला घेतलं कुणी?’ तोफ येऊन गळ्यात पडतो, ‘दादा, आज काय लागतायत ना!’ म्हटलं, लागतायत रे बाबा, मलाच लागतायत.

यादीत नाव? आलं की! कोच म्हणाले, ‘तुझ्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही.’

आणि बाबा... ओरडले नाहीत हो. ओरडले असते तर परवडलं असतं. जवळ आले, हळूच म्हणाले, ‘बाळा, उडी उशिरा पडतेय तुझी. लहानपणी असं नव्हतं. बघू आपण.’

तेव्हापासून रोज जेवण झालं की फोन. ‘बॉल नको, त्याचा पाय बघ! लवकर मार उडी, लवकर!’ एक कोच म्हणतो उशिरा, दुसरा म्हणतो लवकर! आता तुम्ही म्हणाल, खरं काय ते सांगून टाक. येतं हो जिभेवर. पण सांगितलं की शिकवणी संपली, फोन संपला... आणि त्या खोलीत माझ्याशी बोलणारा आवाज तो एवढाच. म्हणून मी आपला म्हणतो, ‘हो बाबा, उद्या नक्की लवकर मारतो.’

परवा पहिला सामना. बाबांनी बजावलंय, ‘टीव्हीसमोरून हलणार नाही मी. तुझी उडी बघायचीय!’ तिसरा म्हणजे मी, हे त्यांना कोण सांगणार? आता तुम्हीच सांगा, बेंचवर बसलेल्या माणसानं उडी मारायची तरी कुठे?