रूपलचा धवला

शालू : "नाव गिळू नको गो शालू! छातीतून काढ, पार धक्क्यापर्यंत जाऊ दे!" अशी ओरडायची आमची शकूआत्या. तूपण तशीच ओरडतेस बघ, दीपाली.

दीपाली : मी ओरडत नाय मावशी, खोकायला सांगतेय. खोका. अजून एकदा. आता हात डोक्यावर घ्या, मासळीची पाटी धरता तसा.

शालू : घेतला. कुणाचं नाव ते विचार तरी.

दीपाली : सांगा. तेवढाच श्वास खोल जाईल.

शालू : नवरा-नवरीचं. आत्या धवलारीण होती, लग्नाची गाणी गाणारी. सातपाटीत कुणाचं लग्न असो, मांडवात धवला तिचा. मला तिनंच शिकवला. धवल्यात दोघांची नावं घालायची. नाव गिळलं तर लग्न अर्धं राहतं, म्हणायची.

रूपल : आई, जरा गप्प बस. काय झालंय दीपालीताई? एरवी सुई लावली की लगेच केमोचं औषध सुरू होतं.

दीपाली : सुई पोर्टात नीट बसलीय. पाणी आत जातंय. पण मागं ओढलं की रक्त येत नाय. रक्त दिसल्याशिवाय मी हे औषध सोडणार नाय. शिरेबाहेर गळलं तर आतलं मांस जाळतं ते.

रूपल : पण येत का नाही?

दीपाली : ही गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवलेली डबी. तिची नळी मोठ्या शिरेत जाते. बरेच दिवस धुतली नाय की टोकाला रक्ताची साय धरते. ढकललं की साय बाजूला होते, ओढलं की झाकणासारखी बसते. म्हणून तर दोन औषधांच्या मध्ये धुवायला बोलावतो. मावशी मागच्या महिन्यात आल्याच नाय.

रूपल : आली होती की. बाबांबरोबर, बर्फाच्या टेम्पोतनं.

दीपाली : मी होते ना वॉर्डात. वाट बघितली मी यांची.

रूपल : आई?

शालू : ह्या एसीचा वारा लागतो गो. शाल दे.

दीपाली : डॉक्टर कीर्तीमॅडमना विचारलंय मी. साय विरघळवायचं औषध नळीत सोडून ठेवते, जरा वेळ थांबू. सुटली तर सुटली. नाय तर पोर्ट काढायचा. तशी वेळ आली तर मॅडम गोळ्या देतील. घरीच घ्यायच्या.

रूपल : मग बरंच की! हेलपाटा तरी वाचेल.

शालू : गोळ्या नको.

दीपाली : अहो मावशी, लोक ह्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसतात!

शालू : बसू देत. मला ही डबी पायजे.

(दीपाली औषध सोडून पलीकडच्या खाटेकडे जाते. खिडकीतून पालघरच्या एसटी स्टँडकडे वळणारा रस्ता दिसतो. शालू तो बघत राहते. लेकीकडे बघायचं तिला जमत नाही.)

रूपल : माझ्याशी खोटं का बोललीस?

शालू : बोईसरच्या गाडीतून तू उतरली नायस.

रूपल : मी फोन केला होता ना! कंपनीत पाळी बदलली, बदली माणूस नव्हतं. बाबांबरोबर जा म्हटलं होतं.

शालू : बाबा निघालेच होते. मीच म्हटलं, एकटी जाते. स्टँडवर बसून राहिले. मागच्या गाडीत असशील, म्हटलं. त्याच्या मागच्या. सालवडच्या बाया उतरल्या, कंपनीतली पोरं उतरली. मग ऊन फिरलं. घरी गेले.

रूपल : वेडी आहेस का तू? नुसतं धुवायचं होतं!

शालू : नुसतं धुवायला मी कधी आले गो इथं? तुझ्या लग्नापासून तुझे बाबा तुला घराच्या उंबऱ्याच्या आत घेत नाय. सालवडला तुझ्या घरी यायचं म्हटलं तर मी कुठल्या तोंडानं येऊ? ह्या डबीच्या निमित्तानं तू येतेस. माझ्या डब्यातले बोंबील खातेस. हे नवे आलेले एवढेसे केस, तेपण विंचरून देतेस. डबी काढली तर कशाच्या निमित्तानं येशील?

रूपल : सांगायचंस ना मला.

शालू : तू रडली असतीस. रडलीस की तुझं नाक लाल होतं. डिट्टो तुझे बाबा, शांताराम.

रूपल : आणि तू? माझ्या लग्नात बोईसरच्या देवळात मागं उभी राहिलीस, पदर तोंडात धरून. गावातल्या सगळ्या पोरींना धवला गायलीस. रिद्धीच्या लग्नात तर अंगात ताप असताना गायलीस. मी हार हातात धरून थांबले होते आई. भटजी म्हणाले, घाला आता. तरी थांबले होते.

शालू : आवाज आला नाय.

रूपल : आवाज आला नाही, की डोंगरातल्या पोराचं नाव आलं नाही? अजून 'सालवडवाला' म्हणतेस त्याला.

शालू : ...सालवडवाल्यानं आज डब्यात काय दिलंय?

रूपल : नाचणीची भाकरी. त्यानंच थापली. मऊ केलीय. म्हणाला, आईंच्या तोंडात फोड आलेत, टोचायला नको.

दीपाली : चला मावशी, बघू या. हात वर. मान तिकडे. अं हं... नाय येत. खोका.

शालू : खोकून खोकून बरगड्या दुखल्या गो बाय.

दीपाली : मग गा. गाताना श्वास लांब सुटतो, नळी जराशी हलते. तुमच्या त्या आत्याचंच म्हणा काहीतरी.

शालू : इथं? इस्पितळात?

दीपाली : त्या पलीकडच्या खाटेवरच्या आत्मारामकाकांचा मोबाईल दिवसभर वाजतो. तुम्ही काय कुणाचं घोडं मारलंय?

शालू : रूपल, हात धर माझा. वर धरून ठेव.

रूपल : धरलाय.

शालू :
सातपाटीच्या खाडीला गो, भरती आली भरती,
रूपल माझी नवरी गो, बसली पाटावरती...

रूपल : आई...

शालू :
पाटावरच्या नवरीला गो, कोण लावी हळद,
आईचे हात थरथरती गो, डोळां आलं आभाळ...

दीपाली : आलं! आलं मावशी, लालभडक. छान येतंय. पोर्ट राहिला तुमचा. पुरे आता, हात खाली घ्या.

शालू : पुरे कसं? नाव राहिलंय.

दीपाली : कुणाचं?

शालू : तू हात सोडू नको गो रूपल.
सालवडच्या वाटेवरी गो, दारी लावा दीप,
शांतारामाचा जावई गो, नाव त्याचं प्रदीप.