व्याह्यांचं हेल्मेट

हैबतराव : हे डोक्यावर घालायचं? मी?

बाबाजी : तुमी नाय तर काय तुमची म्हैस? घाला हो व्याही, चावत नाय ते.

हैबतराव : शेंगा भाजायचं पोपटीचं मडकं उपडं घातल्यागत दिसेन मी. खालून पाला कोंबायचा तेवढा राहिला.

बाबाजी : पाला नको, आत दिवे हायत. बटण दाबलं की लालभडक. मखरात बसल्यावानी वाटतं.

नम्रता : बाबा, सासरे आहेत ते माझे.

बाबाजी : आन् माझे व्याही. व्याह्याची चेष्टा करायची नाय तर कुणाची करायची गो?

हैबतराव : नम्रता, तुझा बाप पेणहून रोह्याला आमंत्रण द्यायला येतोय म्हणालीस. हे काय आणलंय?

बाबाजी : आमंत्रण दिलं की मघाशीच. प्रणितची हळद, प्रणितचं लग्न, समदं सांगितलं. तुमी म्हणलात, बघू. रोह्यात ‘बघू’ म्हंजे ‘नाय’, एवढं कळतं आमाला.

हैबतराव : आणि पेणला कसं असतं?

बाबाजी : पेणला तोंडावर नाय म्हणतात आन् जेवायला सगळ्यांच्या आधी येतात.

नम्रता : मामा, माझ्या सख्ख्या भावाचं लग्न आहे. तुम्ही आला नाहीत तर मांडवात लोक मलाच विचारणार, सासरी काय बिनसलंय का म्हणून. काय सांगू मी?

हैबतराव : नाय कुठं म्हणालो मी? तब्येत बघून ठरवू.

बाबाजी : तब्येतीसाठीच तर हे आणलं. तो उजवा हात मांडीखाली दाबून बसलायत ना, त्याच्यासाठी.

हैबतराव : मुंग्या आल्यात हाताला.

बाबाजी : वर्षभर? मंग हात नाय तो, वारूळ हाय.

हैबतराव : नम्रता, तू सांगितलंस यांना?

नम्रता : हो, मीच. डॉक्टरांनी कंपवात सांगितला तेव्हापासून तुम्ही ना देवळाकडं जाता, ना कुणाच्या बारशाला. जेवायचं ताटसुद्धा आतल्या खोलीत. मला बघवत नाय मामा. मी कुणाला सांगायचं मग?

हैबतराव : म्हणून यांनी टोपी शिवून आणली.

बाबाजी : मी कसली शिवतो! प्रणितनं केलीय. डोलवीला कंपनीत वायरमन हाय ना तो, त्याचं जुनं हेल्मेट. मोबाइलवर बघितलं त्यानं, परदेशात असे आजारी लोक बादलीत लाल दिवे लावून डोक्यावर धरून बसतात. आमची बादली काय हिच्या आईनं सोडली नाय.

नम्रता : आई म्हणाली, डोकी बरी व्हायची तेव्हा होतील, मी पाणी कशात भरू?

हैबतराव : आणि यानं हात थांबतो?

बाबाजी : खरं सांगू, का व्याह्याला सांगतात तसं सांगू?

हैबतराव : खरं सांगा.

बाबाजी : माहीत नाय. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, पुरावा नाय अजून, जास्त आशा लावू नका. गोळी चुकवायची नाय, चालायचं सोडायचं नाय. एवढं करून डोक्यावर दिवे घ्यायचे तर घ्या, डोळे सांभाळा, वायर उघडी ठेवू नका. पण आमच्याकडं एक माणूस हाय, तो रोज घालतो. झोप बरी लागते म्हणतो.

हैबतराव : मी हाताचं विचारलं.

बाबाजी : हात हलायचा तेवढा हलतो. आधी अंधारात हलायचा, आता उजेडात हलतो.

हैबतराव : बरा आहे तुमचा माणूस. कोण हा?

बाबाजी : हाय एक. धरमतरकडला. मिठागरात व्हता.

हैबतराव : मिठागरात तर तुम्हीपण होतात.

बाबाजी : मी काय एकटाच व्हतो व्हय मिठागरात?

हैबतराव : मग नाव सांगा की त्याचं.

बाबाजी : नाव कशाला? उखाणा घ्यायचाय?

नम्रता : बाबा, ती पिशवी ठेवा खाली.

बाबाजी : राहू दे गो. हातात बरी हाय.

नम्रता : आल्यापासून धरून उभे आहात. ठेवा म्हणते ना.

(बाबाजी पिशवी खाली ठेवतात. रिकामा झालेला हात हलायला लागतो.)

हैबतराव : कधीपासून?

बाबाजी : तुमी हिला बघायला आलात, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. मीठ ओढताना हात ऐकेना.

हैबतराव : आणि एका शब्दानं बोलला नाहीत.

बाबाजी : बोललो असतो तर काय म्हणला असतात? बापाला कंपवात, उद्या पोरीला झाला तर?

हैबतराव : खोटं कशाला बोलू. आमची ही म्हणाली असती, आणि मी गप्प बसलो असतो. म्हणजे आमच्याकडं तुम्ही चहा कधी घेतला नाय, तो...

बाबाजी : कप वाजायचा हो बशीवर.

हैबतराव : लेकीच्या घरचं पाणी पीत नाय म्हणून सांगितलंत! मी गावभर कौतुक करत फिरलो, आमचा व्याही जुन्या वळणाचा, मोठा माणूस. मग नात झाली. नातवंड झालं की ते बंधन सुटतं. तरी तुम्ही आपले उभ्या उभ्या येऊन उंबऱ्यातनं परत. मग मी म्हटलं, हे वळण नाय, हा माज आहे.

बाबाजी : माज! अहो, इथनं निघालो की नागोठण्याला उतरून टपरीवर चहा घ्यायचो मी. तिथं सांडला तर कोण इचारतंय?

हैबतराव : घरच्या म्हशीच्या दुधाचा चहा टाकून नागोठण्याचा?

बाबाजी : पाणचट असायचा. नुसतं गरम पाणी.

हैबतराव : बरं झालं. आणि इकडं मी ठरवून बसलो, ज्यानं आपल्या घरचा घोट घेतला नाय त्याच्या पंगतीला जायचं नाय.

नम्रता : म्हणजे तुम्ही लग्नाला नाय म्हणत होतात, ते हातामुळं नव्हे?

हैबतराव : हातामुळंच गो. हात लपवायला तो राग बरा पडला.

बाबाजी : मंग आता काय? येताय का परत बघूच?

हैबतराव : मांडवात चारचौघांत जेवायचं. घास तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा खाली. लोक बघत राहतात हो, व्याही. लाज वाटते.

बाबाजी : माझ्या बाजूला बसा. लोक काय, निम्मे तुमच्याकडं बघतील, निम्मे माझ्याकडं.

हैबतराव : आणि तुमचं वरण माझ्या ताटात उडालं तर?

बाबाजी : व्याह्यानं आग्रह केला म्हणायचं.

हैबतराव : नम्रता, हसतेस काय? चहा ठेव.

बाबाजी : माझा अर्धाच कप भर गो.

हैबतराव : भरून आण. लेकीचं घर आहे, सांडू दे.