‘बरं’च्या पुढे

(भर दुपारी, फोनवर. भावजय मोठ्या शहरात, नणंद दूरच्या लहान गावात.)

नणंद: …आणि मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या कंपनीला तुझा आवाज देऊ नकोस. वस्तू दिली तर परत मागता येते, आवाज कसा मागशील?

भावजय: म्हटलं होतंत, ताई.

नणंद: आणि तू काय म्हणालीस? “आवाज म्हणजे काय उसनी साखर आहे, वाटी भरून परत करायला?” सगळे हसले. मीही हसले, काय करणार!

भावजय: हो. सोन्या, वायर नको तोंडात. दे इकडे.

नणंद: पण काहीही म्हण, आज पेपरात त्यांचा फोटो बघितला. एकट्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी फोन करणारी देशातली पहिली कंपनी म्हणे. बाहेरून गुंतवणूक आली. समोरच्या दुकानदाराला छाती फुगवून सांगितलं, फोनवर मशीन बोलतं ना, तो आवाज आमच्या भावजयीचा!

भावजय: हं.

नणंद: तोंड गोड करायचं सोडून नुसतं “हं”?

भावजय: तुम्ही घरी आहात की दुकानात?

नणंद: दुकानात, शिवायला बसलेय. आता शिलाईसुद्धा अ‍ॅपवरूनच येते बाई. काल एकाने पँट आखूड झाली म्हणून एकच तारा दिला. पाय त्याचे लांब, दोष माझा!

भावजय: माझ्या आईकडे शेवटचं कधी गेला होतात?

नणंद: तो विषय काढू नकोस.

भावजय: काढावा लागतोय.

नणंद: रोज दुपारी जाऊन बसायचे मी तुझ्या आईपाशी. डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे. एक दिवस म्हणतात कशा, “तुम्ही कशाला तसदी घेता? माझी लेक रोज सकाळी न चुकता फोन करते.” म्हणजे मी काय लोचट? त्यानंतर पाऊल नाही टाकलं तिकडे. म्हटलं, लेक समर्थ आहे.

भावजय: ती मी नसते, ताई.

नणंद: काय नसतेस?

भावजय: रोज सकाळी फोन करणारी. ते मशीन असतं. कंपनीत काम करणाऱ्यांच्या घरच्यांना फुकट होतं, मी आईचं नाव घातलं. सोन्या झाल्यापासून सकाळी मान वर करायला फुरसत नसायची.

नणंद: आणि त्यांना माहीत नाही?

भावजय: सांगितलं होतं. ती म्हणाली, “आवाज तुझाच आहे ना? मग तूच.”

नणंद: कठीण आहे. आणि तू स्वतः?

भावजय: मी रविवारी करते. तर म्हणते, “सकाळीच तर बोललीस, किती वेळा तेच विचारशील?” आणि ठेवून देते.

नणंद: मग आज मधेच हे काय काढलंस?

भावजय: माझं काम माहीत आहे ना तुम्हाला? रोजच्या फोनचे तुकडे ऐकायचे, मशीनने बरोबर ओळखलं का बघायचं. आज आईचा तुकडा आला.

नणंद: काय म्हणाल्या?

भावजय: मशीनने विचारलं, “आई, कशी आहेस?” माझ्या आवाजात. ती म्हणाली, “बरं…” मग श्वास घेतला. मोठा. मग “वा…” आणि फोन बंद.

नणंद: “वा” म्हणजे काय? वा, छान?

भावजय: “बरं वाटतंय” असेल. “बरं वाटत नाही” असेल.

नणंद: मग पुढचं ऐक की!

भावजय: पुढे काही नाहीच. “बरं” ऐकलं की मशीन हिरवा ठिपका देतं आणि फोन ठेवतं. फोन जितका छोटा, तितका खर्च कमी. एक म्हातारा किती सेकंदांत आटोपतो, ते गुंतवणूकदारांना पडद्यावर दाखवतात. टाळ्या पडतात.

नणंद: अगं, पण आपल्या बोलण्यात “नाही” शेवटी येतं! शेंबड्या पोरालाही कळेल.

भावजय: मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं. म्हणाले, पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ. मग केक कापला.

नणंद: आज सांगितलंस कुणाला?

भावजय: टीम लीडला. म्हणाला, “मॅडम, हिरवं आहे ना? मग कशाला टेन्शन घेता?” लहान आहे तो. वाईट नाही.

नणंद: तू एवढ्या थंडपणे कशी बोलतेस गं?

भावजय: माहीत नाही. तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. आता तो आईचा आवाज वाटत नाही. प्रश्न विचारणारी मीही वाटत नाही. सोन्याला भरवलं, भांडी घासली. मधे मधे तिला फोन लावतेय. वाजतो. उचलत नाही.

नणंद: खालचे भाडेकरू?

भावजय: सोडून गेले. खाली कुलूप असतं. माझा दादा प्रवासात आहे, त्याचा फोन बंद येतोय. मी आत्ता निघाले तरी पोचायला उद्या उजाडेल.

नणंद: झोपल्या असतील गं. म्हातारं माणूस, दुपारची वेळ.

भावजय: असेल.

नणंद: आणि मी धावत गेले, आणि त्या ठणठणीत बसलेल्या असल्या तर? “आलात का पुन्हा?” म्हणाल्या तर?

भावजय: तर ऐकून घ्या, ताई. एवढं माझ्यासाठी.

नणंद: थांब. हे शिवण ठेवते. माझ्या चपला कुठे गेल्या… हां. किल्ली कुणाकडे असते?

भावजय: मागचा जिना चढा. वरचं दार नुसतं लोटलेलं असतं. दारातून हाक मारून परत फिरू नका, आत जा. कशा आहात विचारलंत की ती आधी “बरं” म्हणेल. तुम्ही थांबा.